लाइटस्क्राइब ड्राइव्ह लेबल छापत नाही? ड्राइव्ह भंगारात द्यायच्या आधी या क्रमानं तपासा

लाइटस्क्राइब म्हणजे सीडी-डीव्हीडीच्या वरच्या बाजूवर ड्राइव्हमधल्याच लेझरनं लेबल छापायची पद्धत, त्यासाठी खास ड्राइव्ह आणि खास डिस्क लागते. या ड्राइव्हबद्दल तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते, डेटा व्यवस्थित बर्न होतो पण लेबल छापायला गेलं की 'डिस्क सापडली नाही' येतं, किंवा छापून येतं ते इतकं फिकं की वाचताच येत नाही. आणि मग लोक पहिलं काम काय करतात तर फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं, तो चालवणारं सॉफ्टवेअर) शोधायला लागतात किंवा विंडोज परत टाकतात. यातलं बहुतेक सगळं उलट्या क्रमानं चाललेलं असतं. आधी डिस्क, मग सॉफ्टवेअर, मग जोडणी आणि सगळ्यात शेवटी ड्राइव्ह, हा क्रम धरलात तर बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातच दोष सापडतो.

क्रम पाळायचं दुसरं कारण म्हणजे या डिस्क आता दुकानात सहज मिळत नाहीत. लाइटस्क्राइबची अधिकृत साइट २०१३ च्या शेवटी बंद झाली, कपाटात पडून राहिलेला साठा किंवा कुणीतरी विकायला काढलेलं सीलबंद पाकीट एवढ्यावरच सगळं चाललंय, त्यामुळे 'अजून एक टाकून बघू' करत चांगल्या डिस्क घालवू नका.

## १. आधी हे नक्की करा की तुमचा ड्राइव्ह आणि डिस्क खरंच लाइटस्क्राइबचे आहेत

ड्राइव्हच्या ट्रेवर लाइटस्क्राइबचा लोगो असतो, लॅपटॉपमध्ये तो ट्रे थोडा बाहेर काढल्यावर पुढच्या पट्टीवर दिसतो. लोगो पुसला गेला असेल तर मॉडेल नंबर बघा. उदाहरणार्थ एलजीच्या ड्राइव्हमध्ये जीएच२२एलएस५० ला लेबल छापता येतं आणि जीएच२२एनएस५० ला येत नाही, दिसायला दोन्ही सारखेच, फरक फक्त त्या एका 'एल' चा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पूर्ण मॉडेल दिसतो तो नीट वाचा.

आता डिस्क. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते:

- पांढऱ्या पृष्ठभागाची 'प्रिंटेबल' डिस्क ही इंकजेट प्रिंटरसाठी असते. लाइटस्क्राइब ड्राइव्हला तिचा काही उपयोग नाही.
- लेबलफ्लॅश ही यामाहा आणि फुजीफिल्मची वेगळी पद्धत आहे, तिची डिस्क वेगळी, ड्राइव्ह वेगळा. दोन्ही एकमेकांत चालत नाहीत.
- लाइटस्क्राइबची डिस्क वरून सहसा सोनेरी-मातकट रंगाची असते, नंतरच्या काळात लाल, केशरी, पिवळी, हिरवी, निळी अशाही आल्या, आणि तिच्या मधल्या भोकाजवळ एक खास गोल पट्टा असतो.

हा पट्टा जरा निरखून बघा कारण पुढचं अर्धं दुखणं तिथेच असतं. डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की भोकाभोवती सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या बारीक रेषा गोल फिरलेल्या दिसतात आणि त्यांच्या जवळच डिस्कचा कोड असतो. ड्राइव्ह आधी हा पट्टा वाचतो, कोडवरून त्याला कळतं की ही कुठली डिस्क आहे आणि लेझर किती जोरानं चालवायचा, आणि रेषांवरून कळतं की डिस्क या क्षणी फिरत फिरत कुठे आलीय. हे वाचता आलं नाही तर ड्राइव्हच्या लेखी ती साधी डिस्क.

तपासा: पट्टा नाही तर लेबल नाही. इथेच थांबा, बाकी काही करून उपयोग नाही.

## २. डिस्क स्वच्छ करा, पण रीतसर

लेबलची बाजू म्हणजे उघडा रंगद्रव्याचा थर आहे. ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर पडला की तो थर काळपट होतो, आणि हेच छापणं, शाई-बिई काही नाही. मध्ये बोटाचा तेलकट ठसा आला की तेवढ्या जागेवर लेझर नीट पोचत नाही आणि तिथे पांढुरका डाग राहतो जो नंतर जात नाही.

मऊ, धागे न सुटणारं कोरडं कापड घ्या (चष्म्याचं चालतं), आतून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. मधला पट्टा वेगळा पुसा, बोटाच्या टोकावर कापड धरून. डिस्क उचलताना सगळ्यांचं बोट सवयीनं भोकापाशीच जातं त्यामुळे सगळ्यात मळकट जागा हीच असते.

सावध: स्पिरिट, काच पुसायचं लिक्विड, सॅनिटायझर लेबलच्या बाजूला अजिबात नको. हाताला क्रीम लावलेलं असेल तर आधी हात धुवा. आणि सीडी असेल तर जास्तच जपा, कारण सीडीत डेटाचा थर वरच्या बाजूला अगदी लेबलच्या खालीच असतो, लेबलवर खोल ओरखडा म्हणजे डेटा गेला. डीव्हीडीत तो थर मधोमध असतो म्हणून जरा कमी भीती.

## ३. डेटा आधी, लेबल नंतर, आणि डिस्क उलटी

क्रम असा ठेवा: आधी डेटा बर्न करा, व्हेरिफाय करा (म्हणजे नीट लिहिला गेलाय का ते बर्निंग सॉफ्टवेअरकडून तपासून घ्या), दुसऱ्या ठिकाणी चालवून बघा, आणि मगच लेबल. लेबल आधी छापलं आणि बर्न फसलं तर डिस्कही गेली आणि लेबलसाठी घातलेला अर्धा तासही.

लेबल छापताना डिस्क उलटी टाकायची, म्हणजे सोनेरी बाजू खाली आणि डेटाची चमकदार बाजू वर. वाचायला सोपं वाटतं पण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, कारण आयुष्यभर डिस्क एकाच पद्धतीनं टाकायची सवय, ड्राइव्हमध्ये वरून काही नसतं, लेझर फक्त खालीच असतो म्हणून जी बाजू छापायची ती खाली.

आता एक महत्त्वाचं. उलटी टाकल्यावर विंडोज 'ड्राइव्हमध्ये डिस्क टाका' म्हणणार किंवा ड्राइव्ह रिकामा दाखवणार. हे बरोबर आहे. त्या बाजूला वाचण्यासारखा डेटाच नाही तर विंडोज दाखवणार काय! लोक हा मेसेज बघून घाबरतात आणि डिस्क पुन्हा सरळ टाकतात, मग लेबलचं सॉफ्टवेअर म्हणतं की डिस्क उलटी टाका, आणि हा खेळ चालू राहतो. एक्सप्लोररकडे लक्ष देऊ नका, लाइट लुकलुकायची थांबली की थेट लेबलचं सॉफ्टवेअर उघडा आणि ते काय म्हणतंय तेवढंच बघा.

सावध: रीरायटेबल डिस्कवरचा डेटा पुसता येतो, लेबल पुसता येत नाही. छापलं ते कायमचं.

## ४. सॉफ्टवेअरचे दोन भाग आहेत, दोन्ही लागतात

इथे मोठा गोंधळ असतो म्हणून नीट सांगतो. एक असतं लाइटस्क्राइब सिस्टम सॉफ्टवेअर, हे मागे शांतपणे चालतं आणि ड्राइव्हशी बोलतं. दुसरं असतं लेबल बनवायचं सॉफ्टवेअर, ज्यात तुम्ही फोटो आणि अक्षरं लावता, म्हणजे टेम्प्लेट लेबलर, सिंपल लेबलर किंवा नीरोसारख्या बर्निंग सॉफ्टवेअरमधला कव्हर डिझायनर. फक्त दुसरं टाकलं तर डिझाइन सुंदर होतं आणि प्रिंटचं बटण दाबल्यावर ड्राइव्हच सापडत नाही. फक्त पहिलं टाकलं तर डिझाइन करायला काहीच नसतं.

आधी सिस्टम सॉफ्टवेअर, रीस्टार्ट, मग लेबलर. विंडोजसाठीची शेवटच्या टप्प्यातली १.१८.२७.१० ही आवृत्ती शोधा. ड्राइव्हबरोबर आलेल्या जुन्या सीडीवरची आवृत्ती टाकून समाधान मानू नका, कारण कुठल्या कोडच्या डिस्कला लेझर किती द्यायचा याची माहिती सिस्टम सॉफ्टवेअरमध्ये असते आणि तुमची डिस्क त्या आवृत्तीनंतर बाजारात आली असेल तर 'ही डिस्क ओळखता येत नाही, अपडेट करा' असं येतं. अपडेटचं बटण दाबून काही होणार नाही, ते ज्या साइटवर जातं तीच आता नाही. नवी आवृत्ती हातानंच टाकायची.

अधिकृत साइट नसल्यामुळे फाइल कुठून घेताय ते बघून घ्या. इंटरनेटच्या जुन्या पानांचा साठा ठेवणाऱ्या अर्काइव्हमध्ये बघा किंवा तुमच्याकडच्या जुन्या ड्राइव्हर सीडी चाळा. 'डाउनलोडर' टाकायला सांगणाऱ्या पानांपासून लांब राहा. फाइल चालवायच्या आधी अँटीव्हायरसनं तपासा आणि प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही कोणाची आहे तेही बघा.

विंडोज १० आणि ११ वर इन्स्टॉल करताना आणि लेबलर उघडतानासुद्धा राइट क्लिक करून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करा.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: सिस्टम सॉफ्टवेअर ३२ बिटचं आहे त्यामुळे ६४ बिट सिस्टमवर आधी ३२ बिटच्या लायब्ररी टाकाव्या लागतात, त्यावर लासी या कंपनीचा लेबलर चालतो, आणि तो साध्या युजरनं उघडला तर ड्राइव्ह दिसत नाही, रूटचे, म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटरचे, अधिकार देऊन उघडा.

तपासा: लेबलर उघडल्यावर ड्राइव्हच्या यादीत तुमच्या ड्राइव्हचं नाव दिसतंय का? दिसत असेल तर टप्पा ६ वर जा. नसेल तर पुढचा टप्पा.

## ५. ड्राइव्ह यादीत दिसतच नाही

पहिली गोष्ट सर्व्हिस, म्हणजे विंडोजमध्ये मागे चालणारा प्रोग्राम. विंडोज की आणि आर दाबा, services.msc टाइप करा, यादीत लाइटस्क्राइबची डायरेक्ट डिस्क लेबलिंग सर्व्हिस शोधा. ती 'रनिंग' पाहिजे आणि स्टार्टअप 'ऑटोमॅटिक'. कॉम्प्युटर फास्ट करून देणारी सॉफ्टवेअर असतात ना, ती ही सर्व्हिस बिनकामाची समजून बंद करून टाकतात, आणि एखाद्यानं तुमचा लॅपटॉप 'क्लीन' करून दिला असेल तर सगळ्यात आधी इथेच बघा.

दुसरी गोष्ट, ड्राइव्ह धरून बसलेलं दुसरं सॉफ्टवेअर. मागे चालणारा बर्निंग प्रोग्राम, व्हर्च्युअल ड्राइव्ह बनवणारे प्रोग्राम, डिस्क टाकली की आपोआप उघडणारा प्लेअर, हे सगळे बंद करा. व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनं विंडोज टाकून प्रयत्न करत असाल तर ड्राइव्ह पासथ्रू (म्हणजे खरा ड्राइव्ह थेट त्या मशीनच्या ताब्यात) दिलेला पाहिजे, नुसता 'सीडी ड्राइव्ह' जोडला तर वाचायचं काम होईल, लेबलच्या कमांड पोचणार नाहीत.

तिसरी गोष्ट जोडणी. डेस्कटॉपचा ड्राइव्ह काढून स्वस्तातल्या यूएसबी केसमध्ये बसवला असेल तर संशय त्या केसवर घ्या. काही केसमधलं सर्किट वाचणं-लिहिणं एवढंच पुढे पाठवतं आणि लेबलच्या खास कमांड गिळून टाकतं, त्यामुळे डेटा बर्न एकदम ठीक आणि लेबलच्या वेळी ड्राइव्ह गायब. खात्री करायची तर तोच ड्राइव्ह डेस्कटॉपच्या आत साटाच्या केबलनं (ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची केबल) थेट लावा. तिथे दिसला तर ड्राइव्ह चांगला आहे, केस बदला.

मुळातच यूएसबीचा पातळ ड्राइव्ह असेल तर हब काढा, थेट मशीनच्या पोर्टला लावा, आणि केबलला दोन पिना असतील तर दोन्ही लावा. दुसरी पिन शोभेची नाही, ती वीज ओढायला आहे.

## ६. पहिली चाचणी: चांगल्या डिस्कवर नाही, वाया गेलेल्या डिस्कवर

ज्या लाइटस्क्राइब डिस्कचं बर्न फसलंय ती फेकू नका. तिची लेबलची बाजू तर शाबूत आहे! आणि त्या मधल्या रेषांमुळे ड्राइव्हला डिस्कची नेमकी दिशा कळते, म्हणजे एकदा काढून पुन्हा टाकली तरी छपाई त्याच जागी पडते. त्यामुळे एकाच वाया गेलेल्या डिस्कवर आज वरच्या भागात चार अक्षरं छापा, उद्या उजवीकडे, परवा खाली. एका डिस्कवर बऱ्याच चाचण्या होतात.

चाचणीसाठी 'टायटल' मोड घ्या. छपाई आतल्या कडेपासून सुरू होऊन एकेका वर्तुळानं बाहेर सरकते, त्यामुळे डिझाइन आत भोकाजवळ ठेवलं तर काही मिनिटांत होतं आणि बाहेरच्या कडेपर्यंत नेलं की वेळ वाढत जातो, पूर्ण डिस्क 'बेस्ट' या सगळ्यात गडद छपाईच्या दर्जामध्ये अर्ध्या तासाच्या आसपास जातो.

सुरू करायच्या आधी:

- स्लीप आणि हायबरनेट बंद, लॅपटॉप चार्जरला लावलेला.
- विंडोज अपडेट चालू नाही ना, आणि रीस्टार्टची वेळ जवळ नाही ना.
- ड्राइव्ह सपाट जागेवर, हलत्या टेबलावर किंवा गादीवर नाही.
- प्रिव्ह्यू एकदा बघितला. प्रिव्ह्यूमध्ये मराठी अक्षरं चौकोन दिसत असतील तर छापूनही चौकोनच येणार, अशा वेळी मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून चित्र म्हणून सेव्ह करा आणि ते चित्र लेबलवर लावा. जोडाक्षरांसाठी तर मी हाच मार्ग धरा म्हणेन.

मध्येच बंद पडलं तर डिस्क वाया गेली असं समजू नका, तेच डिझाइन तसंच पुन्हा छापा, आधी छापलेला आतला भाग जरा जास्त गडद होईल एवढंच.

## ७. छापलं, पण वाईट छापलं: डागाचा आकार बघून दोष ओळखा

सगळीकडे सारखंच फिकं. आधी बघा की 'ड्राफ्ट' हा झटपट पण फिका दर्जा तर निवडला नाही ना, लोक वेळ वाचवायला ड्राफ्ट घेतात आणि ड्राइव्हला दोष देतात. 'बेस्ट' घ्या. लाइटस्क्राइबच्या कंट्रोल पॅनलमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवायचा पर्याय असेल तर तो चालू करा, वेळ जास्त लागतो पण फरक उघड दिसतो. तरी फिकंच वाटलं तर तेच लेबल त्याच डिस्कवर दुसऱ्यांदा छापा, फक्त डिझाइनमध्ये केसभरही बदल करू नका, नाहीतर अक्षरांना सावली येते.

डिझाइनही बघा. ही छपाई एकरंगी आहे, रंगीत लग्नाचा फोटो जसाच्या तसा टाकला तर शालू, शेला आणि मागचा पडदा सगळं एकाच करड्या रंगात जातं. फोटो आधी ब्लॅक अँड व्हाइट करा, कॉन्ट्रास्ट चांगला वाढवा, अक्षरं जाड घ्या.

बारीक ठिपके किंवा ठसे. दोष डिस्कच्या पृष्ठभागाचा. टप्पा २.

गोल पट्टे, एक गडद एक फिका. छपाई वर्तुळात होते, म्हणून गोल दोष म्हणजे छापतानाच काहीतरी अडलं. मशीनवर दुसरं जड काम चालू होतं, किंवा लागोपाठ डिस्क छापून ड्राइव्ह तापलाय. बाकी सगळं बंद करा, ट्रे उघडा ठेवून ड्राइव्ह गार होऊ द्या.

डिस्कची एकच बाजू फिकी. डिस्क वाकलेली असते किंवा ट्रेमध्ये नीट बसलेली नसते, फिरताना ती वर-खाली होते आणि लेझरचा फोकस एका बाजूला सुटतो. टेबलाच्या काचेवर ठेवून बघा, कड उचललेली दिसली तर ती डिस्क लेबलसाठी सोडून द्या.

ढगाळ, चट्टे पडल्यासारखं. डिस्क जुनी आहे किंवा उजेडात पडून राहिली. यावर इलाज नाही, त्याच पाकिटातली अगदी आतली डिस्क घेऊन बघा, ती बऱ्याचदा बरी निघते.

## ८. आता संशय ड्राइव्हवर, आणि एक सोपी परीक्षा

ड्राइव्हमध्ये सीडीसाठी आणि डीव्हीडीसाठी वेगळे लेझर असतात, डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा लाल आणि सीडीचा ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड. वर लेबलसाठी जो आकडा सांगितला तो पुन्हा बघा, तोही ७८० च. म्हणजे 'माझा ड्राइव्ह डीव्हीडी मस्त बर्न करतो मग लेझर खराब कसा' हा युक्तिवाद चालत नाही. एक साधी सीडी-आर बर्न करून बघा. सीडी वाचायला अडखळते किंवा बर्न फसतं, आणि डीव्हीडी मात्र ठीक, असं असेल तर सीडीचा लेझर थकलाय आणि फिक्या लेबलचं कारण तेच आहे.

सीडी ठीक चालत असेल तर आधी लेन्सवरची धूळ घालवा. हाताच्या ब्लोअरनं, लांबून. कापूस घासणं, नखानं टोचणं नको, लेन्स बारीक तारांवर लटकलेली असते.

फर्मवेअर सगळ्यात शेवटी आणि तेही तुमच्या नेमक्या मॉडेलचंच. जवळच्या मॉडेलचं फर्मवेअर टाकू नका, चुकीच्या फर्मवेअरनं चालता ड्राइव्ह कायमचा बंद पडू शकतो, आणि ज्या ड्राइव्हला मुळात लेबल छापता येत नाही त्याला फर्मवेअर टाकून ते येणार नाही.

दुसरा ड्राइव्ह घ्यावाच लागला तर जुन्या डेस्कटॉपमधून काढलेला साटाचा घ्या. विकणाऱ्याकडून ट्रेच्या लोगोचा आणि वरच्या स्टिकरचा फोटो मागवा, फक्त 'लाइटस्क्राइब आहे' या शब्दावर पैसे देऊ नका, आणि समोरासमोर घेत असाल तर सीडी-आर सोबत घेऊन जा आणि तिथेच बर्न करून बघा.

## ९. छापून झाल्यावर

लेबल उजेडानं उडतं, ऊन तर सोडाच, टेबलावर ट्यूबलाइटखाली महिनोन् महिने पडून राहिली तरी फिकं होतं. डिस्क कडक प्लास्टिकच्या डबीत, बंद कपाटात ठेवा. पीव्हीसीच्या मऊ चिकट पाकिटांचे अल्बम असतात त्यात ठेवू नका, त्यातल्या रसायनानं लेबल खराब होतं. कागदी स्टिकर वर चिकटवू नका. गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच.

लेबल उडालंच तर ड्राइव्ह चालू आहे तोवर तेच परत छापता येतं, फक्त मूळ डिझाइनची फाइल जपून ठेवलेली हवी, म्हणून ती डेटाबरोबर त्याच डिस्कवर टाकून ठेवा आणि एक कॉपी कॉम्प्युटरवर.